उसन्या चाली आणि गावची वाद्ये : मावळातील भजनी मंडळांविषयी काही विचार

तुकारामांच्या गाथेची शासनाच्या साहाय्याने सिद्ध झालेली आवृत्ती इंदुप्रकाश छापखान्यातून १८६९ व १८७३ साली दोन भागांत प्रसिद्ध झाली, आणि संतवाणीच्या अभ्यासाला ग्रंथाचा भक्कम आधार मिळाला. पाठभेद, प्रक्षिप्त अभंग, कालनिर्णय ह्यांची चर्चा तेव्हापासून अखंड चालू आहे. परंतु ज्या मुखांनी हे अभंग जिवंत ठेवले ती ते कोणत्या चालीवर म्हणत होती, ती चाल त्यांना कोठून मिळाली आणि तिला कोणत्या वाद्याने आधार दिला, ह्या प्रश्नांकडे त्या मानाने फारच थोडे लक्ष गेले आहे. ह्याचे कारण उघड आहे. शब्द छापता येतो. चाल गळ्यातून गळ्यात जाते आणि वाटेत बदलते.

ह्या दृष्टीने मावळ हा प्रदेश विशेष विचारार्ह ठरतो. लोणावळ्याजवळ कुरवंड्याच्या परिसरात उगम पावणारी इंद्रायणी मावळातून वाहत देहूस व आळंदीस जाते. तिच्या काठची आणि डोंगरकपारीची बहुतेक गावे कोठल्या ना कोठल्या भजनी मंडळाने नांदती आहेत. दिवसभर शेतात, रेल्वेत किंवा कारखान्यात राबलेली माणसे रात्री देवळात जमतात, दुसऱ्याने रचलेले शब्द बहुधा दुसऱ्यानेच बांधलेल्या चालीवर म्हणतात, आणि मधल्या विसाव्यात कोणाचा पखवाज अधिक घुमतो, कोणाच्या टाळांना गोड नाद आहे, ह्यावर तासन् तास बोलतात. ह्यांतील कोणी व्यवसायाने गवई नसतो. जगातील सर्व हौशी वादकांची जी दोन व्यसने, म्हणजे आवडते गाणे स्वतःच्या गळ्यातून काढून पाहणे आणि स्वतःचे वाद्य दुसऱ्याच्या वाद्याशी ताडून पाहणे, ती येथे पूर्वापार आहेत. चालींची ही उसनवारी अलीकडच्या काळातील विकृती आहे असा एक समज रूढ आहे. तो कितपत खरा आहे हे तपासले पाहिजे.

प्रथम खुद्द तुकारामांचीच साक्ष घ्यावी. आपल्या पूर्ववृत्ताविषयीच्या अभंगांत ते सांगतात की, आरंभी आपले चित्त अभ्यासात नव्हते. संतांची काही वचने आदराने पाठ केली, आणि पुढे जे गात त्यांच्यामागे उभे राहून धृपद धरले. हे निवेदन विनयाचे म्हणून सोडून देण्याची प्रथा आहे. परंतु संगीताच्या इतिहासकाराने ते शब्दशः घ्यावे हे बरे. मराठीतील सर्वश्रेष्ठ अभंगकर्ता आधी दुसऱ्यांचे अभंग दुसऱ्यांच्या चालीवर म्हणणारा झीलकरी होता. पुढे ते स्वतः कीर्तनास उभे राहू लागले तेव्हा त्यांच्यामागे चौदा टाळकरी असत अशी परंपरा आहे. त्यांपैकी संताजी जगनाडे ह्यांची समाधी मावळातील सुदुंबरे येथे आहे. इंदोरीजवळचा भंडारा डोंगर हे तुकारामांच्या चिंतनाचे ठिकाण. माघ शुद्ध दशमीस, त्यांच्या अनुग्रहदिनी, तेथे आजही मोठा मेळा जमतो. म्हणजे टाळकऱ्यांच्या समूहाने एकाच्या मागे म्हणण्याची पद्धत ह्या भूमीत किमान साडेतीनशे वर्षे जुनी आहे, आणि अनुकरण हा तिचा दोष नसून पायाच आहे.

अनुकरण सुलभ झाले ते छंदामुळे. अभंग हा अक्षरछंद आहे. मोठ्या अभंगात सहा, सहा, सहा आणि चार अशी अक्षरांची वाटणी असते. लहान अभंगात आठ-आठ अक्षरांचे चरण येतात. अक्षर लघु असो वा गुरू, उच्चारात त्याला सारखेच मोल दिले जाते. त्यामुळे श्लोकाच्या किंवा आर्येच्या मानाने अभंग फार लवचीक झाला. भजनी ठेका आठ मात्रांचा. सहा अक्षरांचा चरण त्यात बसविताना एखादे अक्षर लांबते, आणि चार अक्षरांच्या अखेरच्या चरणाला आपोआप विसावा मिळतो. कोणतीही आठ मात्रांची चाल घ्यावी, थोडी ओढाताण करावी, आणि हजारो अभंगांपैकी वाटेल तो अभंग तिच्यावर म्हणावा. ह्याच्या उलट, सुनीताच्या किंवा मुक्तछंदातील कवितेच्या वाट्याला असे भाग्य येणे कठीण. ज्या रचनेला एकच चाल शोभते ती त्या चालीबरोबर मावळते. अभंगाला मात्र प्रत्येक पिढीने आपल्या काळाची चाल लावली.

ह्या उसनवारीला पहिला मोठा पुरवठा झाला तो रंगभूमीकडून. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘शाकुंतला’चा प्रयोग झाला आणि संगीत नाटकाचे युग सुरू झाले. ह्या नाटकांच्या छापील प्रतींत पदाच्या डोक्यावर ‘चाल’ म्हणून एखाद्या आधीच्या पदाचा निर्देश असे, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. नाटककाराला आपण चाल उसनी घेतली हे लपवावेसे वाटत नव्हते. उलट वाचकाला पद म्हणता यावे म्हणून तो उगम सांगून टाकी. साकी, दिंडी, ओवी, लावणी, कानडी पदे, जे जे कानावर होते ते ते किर्लोस्करांनी रंगभूमीवर आणले. पुढे हीच पदे नाटकगृहातून बाहेर पडली, आणि त्यांच्या ताना व हरकती झडून जाऊन सांगाडा तेवढा भजनात उतरला. ज्या बुवांनी नाटक पाहिले नव्हते तेही त्याची चाल म्हणू लागले. १९११ च्या ‘मानापमाना’च्या चाली गोविंदराव टेंबे ह्यांनी दिल्या, त्या ऐकलेल्या पिढीला पेटीचे वेड लागले ह्यात नवल नाही.

१९३१ साली रंगभूमीवर आलेल्या ‘कान्होपात्रा’चे उदाहरण ह्याहून बोलके आहे. त्या नाटकाच्या संगीताशी ज्यांचे नाव निगडित आहे ते मास्टर कृष्णराव फुलंब्रीकर १८९८ साली देवाच्या आळंदीत जन्मले. कान्होपात्रेच्या भूमिकेत बालगंधर्व भैरवीतील जो अभंग गात, तो पुढे भजनाच्या शेवटी म्हणावयाचा म्हणून असंख्य मंडळांनी उचलला. म्हणजे वारकऱ्यांचा अभंग रंगभूमीवर गेला, तेथे रागाचा साज लेवून परत देवळात आला, आणि देवळातील माणसांनी तो परका मानला नाही. येथे उसने कोणी कोणाकडून घेतले हे ठरविणे सोपे नाही.

चाली मावळात कोणत्या वाटेने आल्या, ह्याचाही विचार केला पाहिजे. खंडाळा ते पुणे हा लोहमार्ग १८५८ साली सुरू झाला आणि बोरघाटाचा चढ १८६३ साली ओलांडला गेला. तेव्हापासून मावळातील माणूस रोजगारासाठी मुंबईस जाऊ लागला तो कायमचा मुंबईकर होण्यासाठी नव्हे. जत्रेला आणि पेरणीला तो गावी येतच राहिला. ह्या ये-जा करणाऱ्यांत मुंबईचे डबेवाले अग्रभागी आहेत. १८९० साली महादू हावजी बच्चे ह्यांनी ह्या व्यवसायाचा पाया घातला. त्यातील बहुसंख्य माणसे मावळ, खेड, आंबेगाव, जुन्नर ह्या पट्ट्यांतील आणि माळकरी. लोकलच्या सामानाच्या डब्यात, रिकाम्या डब्यांच्या परतीच्या प्रवासात, त्यांचे भजन रंगते हे मुंबईकरांच्या परिचयाचे आहे. तेथे वाद्य म्हणाल तर टाळ, आणि तेही नसतील तर डब्याचा पत्रा. गावच्या जत्रेच्या दिवसांत दरवर्षी मुंबईतील डबे काही दिवस बंद राहतात. ही माणसे परत येत तेव्हा पिशवीत नवे कापड आणि गळ्यात नवी चाल घेऊन येत, असे म्हटल्यास वावगे होणार नाही. शहरातील नाटक, ध्वनिमुद्रिका आणि चित्रपट ह्यांचा गावच्या भजनाशी संबंध जोडणारा हा दुवा संगीताच्या इतिहासात अनुल्लेखित राहावा, हे खेदजनक आहे.

चित्रपटाने ह्या व्यवहाराला जो वेग दिला तो विलक्षण होता. प्रभात फिल्म कंपनीचा ‘संत तुकाराम’ १९३६ च्या डिसेंबरात प्रदर्शित झाला. दिग्दर्शक विष्णुपंत दामले व फत्तेलाल, संगीत केशवराव भोळे ह्यांचे, आणि तुकारामांच्या भूमिकेत विष्णुपंत पागनीस. मुंबईत हा चित्रपट वर्षाहून अधिक काळ चालला आणि १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. खेड्यांतून फिरत्या तंबूंतून तो दाखविला जाई तेव्हा प्रेक्षक पडद्यावरील पागनिसांना हात जोडीत. ह्या चित्रपटासाठी शांताराम आठवले ह्यांनी बीज आणि वृक्ष ह्यांच्या दृष्टांतावर एक अभंग नव्याने लिहिला. तो इतका बेमालूम उतरला की अनेकांनी तो तुकारामांचाच मानला आणि भजनी मंडळांनी गाथेतील अभंगांच्या मालिकेत त्याला सहज बसविले. गाथेच्या संपादकाच्या दृष्टीने हा प्रक्षेप होय. तथापि प्रक्षेप कसे घडतात, ह्याचा तारीखवार पुरावा अभ्यासकाला ह्याहून चांगला क्वचितच मिळेल. सतराव्या शतकातील पाठांविषयी जे तर्काने सांगावे लागते ते येथे एका पिढीच्या डोळ्यांदेखत घडले. त्यामागे फसवणुकीचा हेतू नव्हता. चाल आवडली, तिच्याबरोबर शब्दही आले, एवढेच.

१९५३ साली पुण्यात आकाशवाणीचे केंद्र सुरू झाले, आणि १९५५ च्या रामनवमीपासून माडगूळकर-फडके ह्यांचे ‘गीतरामायण’ त्यावरून दर आठवड्यास ऐकू येऊ लागले. आठवड्याला एक गीत ही मात्रा हौशी गायकाला शिकावयास अगदी सोयीची होती. पुढे भीमसेन जोशी ह्यांच्या ‘संतवाणी’ने ख्याल गायकाचा अभंग घरोघरी नेला. ह्या मुद्द्यावर अधिक विस्तार करण्याचे कारण नाही. तत्त्व तेच राहिले, साधने पालटली.

वाद्यांचा इतिहास मात्र ह्याहून गुंतागुंतीचा आहे. भाजे येथील लेण्यात इंद्राचा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या शिल्पपटात नर्तकी आणि तिच्याजवळ वादक कोरलेले आहेत. तेथील जोडवाद्य हेच तबल्याचे मूळ, असे उत्साहाने सांगितले जाते. परंतु दोन हजार वर्षांचे अंतर एका शिल्पाच्या आधारे ओलांडणे धाडसाचे आहे. मावळातील भजनाच्या वाद्यांचा माग निराळ्या दिशांनी लागतो. वारकऱ्याची वीणा हा रूपाने लहानसा तंबोराच. तिच्यावर सुरावट वाजविली जात नाही, उघड्या तारा छेडल्या जातात. तंबोऱ्याच्या जातीच्या वाद्यांचे माहेर म्हणजे मिरज. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास तेथे शस्त्रे घडविणाऱ्या शिकलगार घराण्यातील फरीदसाहेब ह्यांनी तंतुवाद्ये घडविण्यास प्रारंभ केला आणि त्यांच्या वंशजांनी ती कला वाढविली. २०२४ साली मिरजेच्या सतार व तंबोऱ्यास भौगोलिक मानांकन मिळाले. ह्या वाद्यांना लागणारे मोठे भोपळे पंढरपूरच्या परिसरात पिकतात. मावळची इंद्रायणी तुळापुरास भीमेला मिळते आणि भीमा पंढरपुरास जाते, हे लक्षात घेता वारकऱ्याच्या खांद्यावरील वीणेचा भोपळा कोणत्या पाण्यावर वाढला असेल हे सांगावयास नको.

पखवाजाची पारख हा मंडळांतील नित्याच्या वादाचा विषय. लाकूड कोणते, खोड किती वाळलेले, शाई किती जाड, वादी किती ताणलेली, ह्यावर आवाज ठरतो. उजव्या पुडीवर शाई कायमची असते. डाव्या तोंडावर मात्र प्रत्येक वेळी ओली कणीक थापावी लागते, आणि ती किती व कशी थापावी ह्यात वादकाचे कसब दिसते. मावळच्या पावसाळ्यात चामडे ओल धरते आणि सूर उतरतो. गट्ठ्यांवर हातोडी ठोकून तो चढवीत बसणारा पखवाजी ही ह्या प्रदेशातील आषाढ-श्रावणाची परिचित खूण आहे. टाळांच्या बाबतीत काशाचे मिश्रण आणि वाटीची जाडी पाहिली जाते. जोडीतील दोन्ही वाट्या अगदी एकसुरी असाव्यात की त्यांत किंचित फरक असावा, ह्यावर जाणत्यांत एकमत नाही.

सर्वांत मोठी उलथापालथ केली ती पेटीने. १८४२ च्या सुमारास पॅरिसमध्ये दबँ ह्याने सिद्ध केलेले हे पायपेटीचे यंत्र मिशनऱ्यांच्या व साहेबांच्या सामानातून हिंदुस्थानात आले. कलकत्त्यात द्वारकानाथ घोष ह्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या चरणात त्याला हाताच्या भात्याचे आटोपशीर रूप दिले. मांडी घालून बसणाऱ्या माणसाला ते सोयीचे झाले. ह्या वाद्यातील स्वर ठोकळ्यांसारखे स्थिर आणि समभागांत विभागलेले. मींड नाही, श्रुतींचा सूक्ष्म भेद नाही. ह्याच कारणास्तव आकाशवाणीने १९४० साली तिला मज्जाव केला आणि तो सुमारे तीस वर्षे टिकला. नभोवाणीवर जिला प्रवेश नव्हता ती पेटी ह्याच काळात महाराष्ट्रातील देवळोदेवळी ठाण मांडून बसली, हा विरोधाभास चिंतनीय आहे. पंडितांचा आक्षेप शास्त्रदृष्ट्या रास्त होता. पण ज्या मंडळाजवळ तंबोरा लावून देणारा जाणता नव्हता, त्याला कधी न उतरणारा सूर हे वरदानच वाटले असणार.

पेटीने भजनाला एक नवी परिभाषाही दिली. सप्तकातील पाच काळ्या व सात पांढऱ्या पट्ट्यांवरून ‘काळी एक’, ‘पांढरी चार’ अशी सुराची नावे रूढ झाली. ज्याने पेटीला कधी हात लावला नाही असा टाळकरीही आज आपला सूर ‘काळी चार’ सांगतो, पखवाज त्याच नावाने विकत घेतला जातो. वारकरी गायन उंच पट्टीत चालते; मोकळ्या मैदानात, चालता चालता, टाळांच्या गजरावर आवाज न्यावयाचा असल्यामुळे तसे होणे स्वाभाविक होते. पूर्वी म्हणणाऱ्याच्या गळ्यावरून पट्टी ठरे. आता पेटी आणि पखवाज आधी ठरलेले असतात, आणि गळ्याने त्यांच्याशी जमवून घ्यावयाचे असते. ज्यांचा गळा तेथवर पोचत नाही ते मागे बसून टाळ धरतात. पेटीने सूर सर्वांना दिला, पण पुढे बसण्याचा मान काहींकडून काढून घेतला, हा जमाखर्च नीट मांडला गेलेला नाही. पट्ट्या सरकविता येणारी ‘स्केल चेंजर’ पेटी ह्या अडचणीवरचाच तोडगा होय. शहरांतील गिटारवादक तरुण आवडत्या चित्रपटगीताची साथ करताना दांडीवर ‘कॅपो’ नावाची चाप लावून, बोटांची ठेवण न बदलता, पट्टी चढवितात. तेही तत्त्वतः हेच करीत असतात. लाकूड कोणते, तारा कोणत्या, नाद किती टिकतो, ह्या त्यांच्या चर्चा ऐकल्या तर मावळातील पखवाजी त्यांत अनोळखी ठरणार नाही.

ह्या सर्व इतिहासात एक गळा बराच काळ बाहेर राहिला. मावळ व मुळशीच्या खेड्यांतील स्त्रिया पहाटे जात्यावर ज्या ओव्या म्हणत त्यांना वाद्य नव्हते, पट्टी नव्हती, श्रोताही नव्हता. जात्याची घरघर हाच ठेका आणि हीच साथ. हेमा राईरकर व गी पॉयत्व्हँ ह्यांनी गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकांत पुणे जिल्ह्यातील व इतर भागांतील स्त्रियांकडून अशा एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या आणि त्यांपैकी कित्येकींचे ध्वनिमुद्रण झाले. विठ्ठल, तुकाराम, आळंदी, इंद्रायणी ह्या ओव्यांत पदोपदी येतात. म्हणजे विषय भजनाचाच, वाट मात्र निराळी. विजेच्या गिरण्यांनी जाते बंद पाडले आणि ही वाट बुजली. त्यानंतर गावोगाव महिला भजनी मंडळे उभी राहिली, त्यांत पेटी आली, पट्टी आली, चित्रपटाच्या चालीही आल्या. चारचौघींत उघडपणे गाण्याचा अधिकार मिळाला ही मोठीच प्राप्ती होय. पण जात्यावरच्या चाली त्या पेटीवर बसल्या नाहीत, आणि बसविण्याचा यत्नही फारसा झाला नाही. उसन्या चालींवर आक्षेप घेणाऱ्यांनी खरी हळहळ व्यक्त करावयाची तर ती ह्या स्वतःच्या चालींविषयी केली पाहिजे.

आक्षेप मात्र बहुधा दुसऱ्याच दिशेने येतो. चित्रपटातील शृंगारगीताची चाल अभंगाला लावली तर ऐकणाऱ्याच्या मनात मूळ गीताचे शब्द उभे राहतात, असे जुने वारकरी म्हणतात. ह्या म्हणण्यात तथ्य आहे. विष्णुबुवा जोग ह्यांनी १९१७ साली आळंदीस वारकरी शिक्षण संस्था स्थापन केल्यापासून पारंपरिक चालींचे शिक्षण देणारे एक पीठ उभे आहे, आणि तेथून शिकून निघालेल्यांनी जुन्या चाली राखल्या आहेत. भजनस्पर्धांतूनही चित्रपटाच्या चालींना पुष्कळदा मज्जाव असतो. परंतु नाट्यपदाच्या चालीला तेथे हरकत घेतली जात नाही, हे मोठे मार्मिक आहे. शंभर वर्षांपूर्वी तीही उसनीच होती. ज्या चालीचा मूळ मालक लोकांच्या स्मरणातून गेला ती पारंपरिक, आणि ज्याचा अजून आठवतो ती उसनी, असाच निकष व्यवहारात लावला जातो असे दिसते. ह्या निकषाने ‘संत तुकाराम’ चित्रपटातील चाली आज सीमेवर आहेत. वृद्धांना त्यांचा उगम ठाऊक आहे. तरुण त्या जुन्याच म्हणून शिकतात.

दरम्यान, गावच्या सप्ताहात सात दिवस वीणा खाली ठेवावयाची नाही हा नियम पाळला जातो. पहारे लावलेले असतात; रात्री दोन वाजता एक शेतकरी उठतो, दुसऱ्याच्या खांद्यावरील वीणा आपल्या खांद्यावर घेतो आणि तारा छेडीत उभा राहतो. ती वीणा मिरजेची आहे की आणखी कोठली, तिची जवारी बसली आहे की नाही, तिचा सूर पेटीच्या कोणत्या पट्टीला मिळतो, ह्याची विचारपूस त्या वेळी कोणी करीत नाही. ती सकाळी, चहाच्या वेळी होते.